योसेफाचे भाऊबंद

माझे यजमान पाळक. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, त्यामुळे लिहितानाही ते 'हे'च राहणार. नगर जिल्ह्यात यांची बरीच वर्षं गेली. तिथे यांच्या ख्रिस्ती कीर्तनाला मान होता. हे चिपळ्या घेऊन उभे राहिले की बाया डोळे पुसायच्या आणि म्हातारे माना डोलवायचे. मग बदली झाली ती थेट भंडारा जिल्ह्यात, नाकाडोंगरीच्या अलीकडच्या एका खेड्यात.

गोंदिया नुकताच वेगळा झालेला होता. आमच्या घरमालकांना, म्हणजे ज्यांना सगळं गाव काका म्हणायचं त्यांना, याचा मनापासून राग होता. त्यांच्या तीनपैकी दोन मुली तिकडे दिलेल्या. सरकारनं आपले जावई परजिल्ह्यात टाकले, असं ते आल्यागेल्याला सांगत. काका धान पिकवायचे, आणि तरुणपणी त्यांनी दंडारीत कामं केलेली. दंडार म्हणजे तिकडचं लोकनाट्य; दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, भर दुपारी रंगतं. काका त्यात नेहमी राजा. चालताना अजूनही एक खांदा पुढे काढून चालायचे. पलीकडच्या घरात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ राहायचा, पण दोघांचं बोलणं बंद होतं. दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, एकमेकींना लागून होत्या, आणि मधला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, कुणी सरकवला यावर एकमत नव्हतं.

गाव आमच्याशी प्रेमानं वागलं, पण यांची भाषा कुणाला पोचेना. तिकडे 'ळ'चा 'र' होतो, त्यामुळे पाळकसाहेबांचे पहिल्याच आठवड्यात पारकसाहेब झाले. एकदा ओसरीवर बसून हे काकांना म्हणाले की प्रभू तुमचं तारण करील. काकांनी हळूच विचारलं, शेत की घर? सोसायटीत तारण म्हणजे काय असतं ते त्यांना नीट माहीत होतं. त्यानंतर यांनी तो शब्द सोडला.

रविवारी आमच्या पुढच्या खोलीत उपासना व्हायची. जवळच्या चिखला गावच्या खाणीतली दोन कुटुंबं, आरोग्य केंद्रातली केरळची नर्स आणि आम्ही, एवढीच मंडळी. गावातली माणसं दारापर्यंत येत, चहा घेत, गाणं बरं होतं म्हणत आणि जात. यांना नगरची आठवण यायची, पण बोलायचे नाहीत.

तिथल्या दुसऱ्या डिसेंबरात यांनी ठरवलं की गावासाठी नाताळचा मेळावा घ्यायचा. दुपारची वेळ, बोडीच्या पाळीखालची, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या बांधाखालची, काकांची धान कापून मोकळी झालेली बांधी, खाण कॉलनीतल्या पोरांची गाणी, शास्त्रपाठ आणि शेवटी उपदेश. लोकांना कळवायचं म्हणून यांनी भोंगेवाल्याला बोलावलं. हा माणूस ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरायचा. रेशनचं रॉकेल आलं, गाय हरवली, नाटक आहे, जयंतीची मिरवणूक निघते आहे, असं सगळं तोच सांगायचा. त्यानं आल्या आल्या एक गोष्ट साफ केली.

"साहेब, आमच्या आज्यानं छप्पन साली एकदा धर्म बदलला, ते बस झालं. पण जाहिरात करून देतो."

यांनी मजकूर लिहून ठेवला होता. त्यात 'जन्मोत्सवानिमित्त', 'शुभवर्तमान' आणि 'सर्वांनी उपस्थित राहून उपकृत करावे' हे सगळं होतं. भोंगेवाल्यानं तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं की मुळात गोष्ट काय आहे. हे सांगायला बसले. मी भाजी चिरत ऐकत होते. गरोदर मरीया, लांबचा प्रवास, उतारशाळेत जागा नाही, गोठ्यातला जन्म, लेकराच्या जिवावर उठलेला हेरोद राजा. भोंगेवाला दर दोन मिनिटांनी "मंग?" विचारायचा. गावात आल्यापासून यांना पहिल्यांदाच कुणी "मंग?" विचारत होतं. हे इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी पेटी दुरुस्त करायला भंडाऱ्याला आणि तिथून पूल ओलांडून कारध्याला निघून गेले, आणि कारागिरानं लावलेल्या वेळामुळे तिथेच अडकले.

त्याच दिवशी दुपारी आमच्या गल्लीत ऑटो आला.

"येत आहे, येत आहे, आपल्याच गावात, बोडीच्या पाळीखाली. नऊ महिने भरलेली माऊली, गाढवावरचा प्रवास, दारोदार फिरूनही जागा नाही. आणि मागं लागला आहे एक पापी राजा. काय होईल त्या लेकराचं? मायबहिणींनो, येताना रुमाल घेऊन या."

काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, अंगण सारवत होत्या. हातातला बोळा तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी काकांना गोंदियाकडच्या दोन्ही जावयांना निरोप धाडायला सांगितलं.

मला तेव्हा अर्थ कळला नाही. त्या भागात गावात नाटक असलं की घरोघरी पाहुणे बोलवायचे असतात, हे मला काकूंनी संध्याकाळी समजावलं. लेकी, जावई, व्याही, त्यांचे शेजारी. मुलगी दाखवायची असेल तर तीही याच मुहूर्तावर. त्यांनी माझ्याकडचं मोठं पातेलं मागून नेलं आणि तुमच्याकडे नगरहून कोण येणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाटक नाही हो, उपदेश आहे. काकू हसल्या. नाटकाचं नाव उपदेश आहे असं त्या समजल्या, आणि नाव काही बरं नाही असंही म्हणाल्या.

हे परत आले ते मेळाव्याच्या आदल्या दिवशी. एसटीच्या थांब्यापासून पेटी डोक्यावर घेऊन येताना यांना वाटेत जिलेबीवाला भेटला. तो कढई मांडायला जागा शोधत होता. त्यानं विचारलं, नाटक कुठल्या कंपनीचं आहे. यांनी सांगितलं की इथे नाटक वगैरे काही नाही. जिलेबीवाल्याला यांची दया आली. बाहेरगावचे दिसता, असं म्हणून त्यानंच यांना सगळी हकिगत सांगितली. पुढे फुगेवाला भेटला, मग आकाशपाळण्याचे लोखंडी सांगाडे घेऊन येणारी बैलबंडी. घरात आले तेव्हा पेटी अजून डोक्यावर होती आणि ती खाली ठेवायचं यांना सुचत नव्हतं.

हे तसेच भोंगेवाल्याकडे गेले. मीही मागोमाग गेले. भोंगेवाल्याचं म्हणणं, मी खोटं काय सांगतलं ते दाखवा. यांनी सगळं मनात तपासून पाहिलं. माऊली खरी, प्रवास खरा, राजा खरा. यांना एवढंच सापडलं की गाढवाचा उल्लेख शास्त्रात कुठे नाही.

"मंग पोटुशी बाई पायी गेली का?" भोंगेवाल्यानं विचारलं.

आम्ही परत आलो.

मेळाव्याच्या दिवशी सकाळपासूनच लोकांनी बांधीत बारदानाचे बोरे आणि चटया टाकून जागा धरल्या. दोन बैलबंड्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या, मागे बांबूला चादर. दुपारपर्यंत पाळीवरही माणसं बसली. दोन तरुण पोरं खास तालुक्याहून आली होती. इथे कुणाचा धर्म बदलतात का, ते बघायला आलोय, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. काकूंनी त्यांना पुढे जागा करून दिली आणि जिलेबी खायला घातली.

पोरांची गाणी झाली. टाळ्या पडल्या. मग हे उपदेशाला उभे राहिले. पहिली पाच मिनिटं लोक शांत होते, कारण त्यांना वाटलं हे सूत्रधार. मग एका म्हातारीनं अगदी मायेनं विचारलं की राजा कवा येते. यांना वाटलं, बरा धागा मिळाला. हात वर करून हे म्हणाले, "राजांचा राजा येत आहे." सगळ्या बांधीनं माना उंचावून चादरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. चादर वाऱ्यानं जरा हलली तेव्हा काहींनी टाळ्यापण वाजवल्या.

काकांना हे बघवलं नाही. ते उठले, घरी गेले आणि दंडारीतला राजाचा पोशाख चढवून आले. लाल साटीनचा अंगरखा, पत्र्याची तलवार आणि काजळाच्या मिशा, त्याही खऱ्या मिशांवर काढलेल्या. चादरीमागे त्यांनी यांना विचारलं की कोणता राजा हाये आणि तो करते काय. यांनी आयुष्यात पहिल्यांदा हार मानली. पण एक अट घातली. हे शास्त्रातला उतारा वाचतील, पात्रांनी नुसतं उभं राहायचं, बोलायचं नाही. योसेफ भोंगेवाल्यानं व्हायचं, कारण हे सगळं त्यानंच केलं होतं. मरीयेसाठी नर्सला शोधलं तर ती ड्यूटीची आठवण होऊन निघून गेली होती. राहिले मी. काकूंनी माझ्या पोटावर उशी बांधली. उशी जरा मोठी होती. मागे उभे असलेले खाणीतले एक गृहस्थ जुळी आहेत का म्हणाले.

आम्ही दोघं फळ्यांवर येऊन उभे राहिलो. हे वाचू लागले. कैसराची आज्ञा झाली, सर्वांची नावनिशी लिहायची ठरली, जो तो आपापल्या गावी गेला, योसेफही गरोदर मरीयेला घेऊन बेथलेहेमास गेला. इथवर आले आणि पुढच्या रांगेतली गावची सुईण उभी राहिली. निम्मं गाव तिच्या हातात जन्मलेलं, त्यामुळे ती उठली की बाकीचे गप्प बसायचे.

"पहिलंच का?" तिनं विचारलं.

यांनी बोट ओळीवर ठेवून हो म्हणून सांगितलं.

"मंग माहेरी काहून नाही पाठवली?"

यांनी समजावलं की नावनिशी म्हणजे जनगणना, सरकारी हुकूम होता, जावंच लागलं. मागून एकजण म्हणाला की आमच्या घरी तं जनगणनेले मास्तर आले होते, चहा पिऊन लिहून गेले. बाकीच्यांनीही हेच सांगितलं. आपापल्या गावी जाऊन नाव लिहायचं, ही जनगणना कुणी ऐकलेली नव्हती. संशय योसेफावर आला. सुईण त्याच्याकडे वळली आणि दिवस भरलेल्या बाईला घेऊन कायले निघाला म्हणून विचारू लागली. भोंगेवाल्याला गप्प राहायला सांगितलं होतं, पण त्याच्या जन्माची सवय वेगळी. तो अगदी गरिबासारखा म्हणाला, बाई, सरकारी काम होतं.

मग काकूंनी विचारलं की ते गाव मुळात कोणाचं. यांनी सांगितलं, योसेफाच्या वाडवडिलांचं.

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा उशीकडे. "म्हणजे बाईचं सासर. मंग त्याचे भाऊबंद कुठी गेले?"

पाळकांच्या विद्यालयात यांनी या उताऱ्यावर मोठा निबंध लिहिला होता. उतारशाळा, गव्हाणी, मेंढपाळ, सगळ्याबद्दल. पण माणूस स्वतःच्या गावात जातो, बायकोचे दिवस भरलेत, आणि एक चुलतभाऊ ओसरीवर चटई टाकत नाही, हे काय प्रकरण आहे, असं त्या विद्यालयात कुणी विचारलंच नव्हतं.

पाळीवरून कुणीतरी म्हणालं, "वाट्याची भानगड असन."

आणि सगळ्या बांधीत एकदम 'हां हां' झालं. दोन हजार वर्षांपूर्वीचं बेथलेहेम त्या क्षणी लोकांना घरचं झालं. योसेफाच्या बापानं कुणाचा वाटा दाबला असेल, आता हा परत आला म्हणजे हिस्सा मागेल म्हणून भाऊबंदांनी दारं लावून घेतली असतील, जागा नाही म्हणणं हा नुसता बहाणा. तालुक्याची दोन पोरंही यात पडली. त्यांच्यातल्या एकाच्या घरी अगदी असंच चालू होतं.

चादरीमागे काका हेरोदाच्या वेशात ताटकळले होते. भाऊबंद म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. एक खांदा पुढे काढून ते फळ्यांवर आले, तलवार टेकवली आणि योसेफाला म्हणाले की इथे जागा नाही, आल्या वाटेनं परत जा. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

"धुरा दोन हात माह्याकडं सरकवला तवा भाऊ आठवला नाही का तुले?"

भोंगेवाला गोंधळला. धुऱ्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण बाकी सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे डावीकडे बघू लागले, कारण तिथे काकांचा धाकटा भाऊ बसला होता. तो उठला, धोतर सावरलं आणि जागेवरूनच म्हणाला की धुरा कोणी सरकवला ते आता चारचौघांत होऊन जाऊ दे.

पुढचा बराच वेळ मी दोघांच्या मधे उभी होते. उशी खाली सरकत होती आणि ती मी कोपरानं धरून ठेवली होती. शेवग्याचं झाड निघालं, मोजणीवाला निघाला, कुणाच्या तरी लग्नात न दिलेला आहेर निघाला. काका राजाच्या आवाजात बोलत होते, भाऊ साध्या. लोक अधूनमधून मला बसायला सांगत, मी बसत नव्हते. यांनी पुस्तक उघडं धरून दोनदा पुढची ओळ वाचायचा प्रयत्न केला. कुणीतरी भावाला नारळ बक्षीस दिला, आणि त्यानं त्याला जोर चढला. नारळ काखेत मारून तो फळ्यांपाशी आला आणि मला म्हणाला, "चल बाई. आमच्याकडं सुनेले गोठ्यात नाही ठेवत."

बाया उठल्याच होत्या. मला उचलून खाली घेतलं म्हटलं तरी चालेल. मिरवणूक निघाली. मागे भोंग्यावरून यांचा आवाज येत होता, थांबा, जन्म राहिलाय. त्यावर सुईण मागे न बघता म्हणाली की जन्म कवा होईल ते तुमी नका सांगू साहेब.

भावाच्या अंगणात मला पाटावर बसवलं. पोटावरची उशी सोडून शालीत गुंडाळली आणि माझ्याच मांडीवर दिली. सुईणीनं मुलगा आहे असं जाहीर केलं. दोन बांबूंना साडी बांधून पाळणा झाला. बाया गायला लागल्या. हे गर्दीतून वाट काढत पोचले तेव्हा बारशापर्यंत मजल गेली होती आणि आत्या कोण, यावर अडलं होतं. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. यांनी सांगितलं की नाव देवदूतानं आधीच सांगून ठेवलंय. ते ठीक आहे, पण देवदूत काही आत्या होत नाही, असं बायांचं म्हणणं पडलं. योसेफाला बहीण होती का, हेही यांना सांगता येईना. शेवटी काकू पुढे झाल्या. कित्येक वर्षांत दिराच्या अंगणात त्यांनी पाय टाकला नव्हता. त्यांनी उशीच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे बायांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मग घुगऱ्या वाटल्या. काका तेवढा वेळ रस्त्यावर राजाच्या कपड्यांत उभे होते. आत पाऊल टाकलं नाही. रात्री मला मात्र विचारलं की घुगऱ्यांत मीठ बरोबर होतं का.

भावांचं बोलणं सुरू झालं वगैरे काही नाही. धुऱ्याचा वादही तसाच राहिला. फक्त दोघंही आपण जिंकलो असं सांगत फिरत.

हे आठवडाभर उदास होते. उपदेश झाला नाही, जन्म उशीचा झाला आणि हेरोदाला नीट कामच मिळालं नाही. कपाटातली सगळी भाष्यं काढून यांनी योसेफाचे भाऊबंद शोधले. कुणीच त्यांची दखल घेतली नव्हती. पुढच्या रविवारी उपासनेला तीच मंडळी होती. फक्त दारात सुईण येऊन बसली होती. बाळंतिणीला शेक मिळाला का, हे विचारायला आली होती. यांनी सांगितलं की तेवढं लिहिलेलं नाही. मग पुढं काय झालं ते सांगा, म्हणाली.

ती येत राहिली. ती ख्रिस्ती झाली नाही, तसं काही तिच्या मनातही नव्हतं. तिला बाळाची काळजी होती. हेरोदाच्या भीतीनं ते मिसरात, म्हणजे इजिप्तात, पळून गेले तेव्हा ओल्या बाळंतिणीला पुन्हा प्रवासाला काढली म्हणून ती योसेफावर चिडली. परत आले तेव्हा बरं वाटलं तिला. यांचं बोलणंही तिच्यामुळे बदललं. हे आता 'मंग' म्हणायला लागले होते, आणि एखाद्या ओळीवर येऊन तिच्याकडे बघायचे, कारण इथे ती काहीतरी विचारणार हे यांना कळायचं. मग बाळ बारा वर्षांचं झालं. आईबाप सणाला यरुशलेमेला गेले, परत निघाले, आणि पोरगं मागेच राहिलंय हे त्यांना एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळलं. सुईणीनं हे ऐकलं, पदर खांद्यावर घेतला आणि उठून गेली. त्यानंतर दोन रविवार आली नाही.

शेवटी हे मला घेऊन तिच्या घरी गेले. तिनं खाटेवर गोधडी टाकली, काळा चहा दिला, आणि समोर बसून विचारलं की असे कसे हे मायबाप, लेकराले मोजलं नाही का निघताना. यांनी खूप सांगून पाहिलं. मोठा जथा होता, नातेवाईक बरोबर होते, पोरगा त्यांच्यात असेल असं वाटलं. नातेवाईक म्हटल्यावर तिनं मान फिरवली.

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, याचं उत्तर मला येत नाही, पण विचारून सांगतो.

"विचारा," ती म्हणाली. "मी वाट पाहून राहिली."